वर्गात मूल जखमी झाले, तर दवाखान्याचे बिल कोणी भरायचे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला मुलगा एका अनुदानित शाळेत सहावीत शिकतो. वर्गातील लोखंडी कपाट मुले सरकवत असताना ते त्याच्या अंगावर आले, उजव्या हाताचे कोपराजवळचे हाड मोडले आणि खाजगी रुग्णालयात भूल देऊन, तारा घालून ते बसवावे लागले. बिल 1 लाख 18 हजार रुपये झाले. आपल्या कंपनीच्या गट विम्यातून 64 हजार मिळाले, शिक्षकांनी वर्गणी काढून 5 हजार दिले आणि उरलेल्या 49 हजारांचा विषय काढताच मुख्याध्यापकांनी प्रवेश अर्जावरची आपली सही पुढे केली, कारण त्या अर्जात ‘शाळेत झालेल्या अपघातास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे छापलेले आहे. कपाट सरकवायला वर्गशिक्षिकेने सांगितले होते, असे मुलगा म्हणतो. मुले मस्ती करत होती, असे शाळा म्हणते. उरलेली रक्कम कोणाकडून मागावी आणि शाळेवर दावा करता येईल का, असे आपण विचारले आहे.

मी वकील आहे आणि अशा प्रकरणांत कधी पालकांच्या, कधी शाळा चालवणाऱ्या संस्थांच्या बाजूने काम केले आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती अशी की, ‘बिल कोणी भरायचे’ आणि ‘चूक कोणाची’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि ते एकत्र केल्यामुळेच बहुतेक पालकांचे पैसे अडकतात. शाळेच्या वेळेत मुलाला इजा झाली म्हणून तिच्या उपचाराचा खर्च शाळेने आपोआप द्यावा, असा सर्वसाधारण नियम आपल्या कायद्यात नाही. कारखान्यातील कामगाराला कामावर असताना इजा झाली, तर चूक कोणाची हे न पाहता मालकाला भरपाई द्यावी लागते. शिकाऊ उमेदवारालाही 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम 16 मुळे तेच संरक्षण आहे. शाळेच्या वर्गात बसलेल्या मुलाला ते नाही. शाळेकडून हक्काने पैसे मिळण्यासाठी शाळेचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि तो दाखवण्याचा रस्ता लांबचा आहे. परंतु चूक कोणाची हे न विचारता पैसे देणारे दोन-तीन मार्ग महाराष्ट्रात उपलब्ध आहेत आणि आपण नेमके तेच अजून वापरलेले नाहीत.

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा मार्ग म्हणजे राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना. ही योजना पूर्वी विमा कंपनीमार्फत चालत असे. पुढे शासनाने विमा कंपनीला मधून काढले आणि थेट अनुदान देण्यास सुरुवात केली. शालेय शिक्षण विभागाच्या 21 जून 2022 च्या शासन निर्णयाने त्यातील रकमा वाढवल्या. आज पहिली ते बारावीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास दीड लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाल्यास एक लाख, एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास 75 हजार आणि अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागल्यास रुग्णालयाचा प्रत्यक्ष खर्च, मात्र जास्तीत जास्त एक लाख रुपये, असे त्याचे स्वरूप आहे. खेळताना झालेली इजा, विजेचा धक्का, आग, अंगावर पडलेली वीज आणि शाळेतील जड वस्तू पडून झालेली इजा यांसाठीही प्रत्यक्ष खर्चाची, एक लाखाच्या मर्यादेतील तरतूद आहे. आपल्या मुलाचे प्रकरण शस्त्रक्रियेच्या बाबीतही बसते आणि जड वस्तूच्या बाबीतही. आत्महत्येचा प्रयत्न, जाणूनबुजून करून घेतलेली इजा, गुन्हा करताना किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेला अपघात आणि मोटारशर्यत यांसारखे अपवाद सोडले, तर ही योजना ‘चूक कोणाची’ हा प्रश्न विचारतच नाही.

येथेच आपली आणि शाळेची गाठ बसलेली आहे. या योजनेचा प्रस्ताव पालकाला परस्पर मंजूर करून घेता येत नाही. तो मुख्याध्यापकांच्या सहीने, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तेथून जिल्हास्तरीय समितीपुढे जातो. मुख्याध्यापकांना मात्र अशी भीती वाटते की, ‘वर्गात कपाट पडून विद्यार्थी जखमी झाला’ या वाक्याखाली सही केली, तर उद्या तेच वाक्य आपल्याविरुद्ध पुरावा होईल. संस्थेचे सचिवही बहुधा हेच सांगतात आणि मग प्रस्ताव टेबलाच्या खणात राहतो. ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, पण ती फार वाढवलेली आहे. अपघात घडला हे नोंदवणे आणि तो आपल्या हलगर्जीपणामुळे घडला हे कबूल करणे, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. प्रस्तावात घटना, तारीख, वेळ, ठिकाण, इजा आणि खर्च एवढेच लिहायचे असते. शिवाय वीस मुलांच्या देखत पडलेले कपाट कागदावर आले नाही म्हणून पडले नाही असे होत नाही. उलट घटना दडवण्याचा प्रयत्न झाला हे पुढे दिसून आले, तर न्यायालयात शाळेची बाजू त्यामुळेच जास्त कमकुवत होते. मी शाळांच्या बाजूने असतो तेव्हाही त्यांना हेच सांगतो की, प्रस्ताव स्वतःहून आणि लवकर पाठवणे हा शाळेच्या बचावाचा भाग आहे.

म्हणून आपण मुख्याध्यापकांकडे ‘49 हजार द्या’ अशी मागणी तूर्त करू नका. ‘माझ्या पाल्याचा सानुग्रह अनुदानाचा प्रस्ताव पाठवावा’ असा लेखी अर्ज द्या, त्याची एक प्रत शाळेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घालून परत घ्या आणि दुसरी प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. अर्जाला बोनाफाईड दाखला, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, क्ष-किरण अहवाल, बिले व औषधांच्या पावत्या, मुलाचे व आपले ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील जोडा. घटनेचा पंचनामा किंवा पोलिसांची नोंद असल्यास तीही जोडा. नसल्यास शाळेचा घटना अहवाल, वर्गशिक्षिकेचे निवेदन आणि रुग्णालयातील नोंद यांवर प्रस्ताव उभा करता येतो का, हे शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारून घ्या, कारण कागदांबाबत कार्यालयांच्या सवयी जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळ्या आढळतात. पंधरा-वीस दिवसांत प्रस्ताव पुढे गेला नाही, तर माहितीच्या अधिकारात त्याची सद्यस्थिती विचारा. अनुदानित शाळेला हा कायदा लागू होतो आणि एका साध्या अर्जाने खणातले प्रस्ताव बाहेर आलेले मी पाहिले आहेत. एवढे मात्र आधीच मनाशी धरून ठेवा की मंजुरी मिळाली तरी निधी उपलब्ध होईपर्यंत काही महिने, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. हे अनुदान उशिरा येते, पण त्यासाठी कोणाशी भांडावे लागत नाही.

एक अडचण आपल्याला लगेच येईल. विमा कंपनीने मूळ बिले घेतलेली असतील आणि शिक्षण विभागही मूळ बिले मागेल. अशा वेळी रुग्णालयाकडून शिक्क्यासह प्रमाणित दुसरी प्रत घ्यावी आणि विमा कंपनीने किती रक्कम मंजूर केली, किती कापली व का कापली हे दाखवणारे पत्र सोबत जोडावे. योजना प्रत्यक्ष खर्च भरून देते, त्यामुळे विम्यातून मिळालेले 64 हजार लपवून पूर्ण 1 लाख 18 हजारांचा खर्च दाखवणे चुकीचे आहे आणि धोक्याचेही. न मिळालेल्या रकमेसाठीच मागणी करावी. ती एक लाखाच्या मर्यादेत आरामात बसते.

आता त्या 64 हजारांकडे वळू, कारण मला आकडा कमी वाटतो. अपघाताच्या उपचाराला आरोग्य विम्यात सुरुवातीची तीस दिवसांची प्रतीक्षा लागू नसते, त्यामुळे तो मुद्दा असण्याचे कारण नाही. बहुधा दोन गोष्टी झाल्या असतील. एक तर हातमोजे, सुया, पट्ट्या यांसारख्या वस्तूंचा खर्च न देण्याच्या यादीत गेला असेल. दुसरी आणि मोठी शक्यता अशी की, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असावी आणि आपण त्याहून महाग खोली घेतली असावी. तसे झाले की कंपनी केवळ भाड्यातला फरक कापत नाही, तर त्याच प्रमाणात डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही कमी करते. पॉलिसीतील अट आणि कपातीचे पत्र शेजारी ठेवून पाहा. औषधे व शरीरात बसवलेल्या वस्तूंवर, म्हणजे आपल्या बाबतीत तारांवर, ही प्रमाणशीर कपात केलेली असल्यास हरकत घेण्यास जागा आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि एक महिन्यात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि गट विम्यातील सभासदालाही तक्रार करता येते.

याच ओघात शाळेला एक प्रश्न लेखी विचारा: विद्यार्थ्यांसाठी शाळेने किंवा संस्थेने गट अपघात विमा घेतला आहे का? पुष्कळ शाळा तो घेतात, हप्ता किरकोळ असल्यामुळे ‘इतर शुल्का’त मिळवून टाकतात आणि नंतर लिपिकाखेरीज कोणाला त्याची आठवण राहत नाही. मात्र विमा आहे एवढ्यावर आनंद मानू नका. केवळ अपघात विम्याची मूळ रचना मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी ठरलेली रक्कम देण्याची असते. हाड मोडून पूर्ण बरे झालेल्या मुलाला त्यातून काहीच मिळत नाही. रुग्णालयाचा खर्च मिळायचा असेल, तर त्या पॉलिसीत वैद्यकीय खर्चाचे वाढीव कलम घेतलेले असावे लागते. म्हणून तोंडी उत्तरावर न थांबता पॉलिसीची प्रत मागा. शुल्क कशाचे घेतले हे विचारण्याची योग्य जागा म्हणजे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती.

उपचार झाल्यानंतर विचारणाऱ्याला हे सांगण्यात अर्थ नाही, पण इतर पालकांसाठी लिहून ठेवतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची पूर्वीची अट उरलेली नाही. परंतु उपचार योजनेतील रुग्णालयात आणि पूर्वमंजुरीनेच व्हावा लागतो, नंतर बिल सादर करून परतावा मिळत नाही. म्हणून मुलाला दाखल करतानाच त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून सर्व उपचार निःशुल्क आहेत. ज्या पालकांचा कर्मचारी राज्य विमा आहे, त्यांची मुलेही त्या विम्यात येतात. हाड मोडले की शिक्षक जवळच्या खाजगी दवाखान्याकडे धावतात आणि ते स्वाभाविक आहे. कोपराजवळच्या हाडात रक्तवाहिनी दाबली गेली, तर तासांचा उशीरही महागात पडतो. अशा वेळी तातडीचा उपचार पोलिसी सोपस्कारांसाठी थांबवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलेले आहे. प्रथमोपचार जवळच्या ठिकाणी आणि पुढची शस्त्रक्रिया योजनेच्या रुग्णालयात, असा विचार परिस्थिती स्थिर झाल्यावर अवश्य करावा. आणखी एक सूचना शिक्षकांसाठी: दाखल करताना ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून सही केली, तर रुग्णालय बिलासाठी आपल्याकडेच बोट दाखवेल. तेथे ‘शाळेचे शिक्षक, पालक येईपर्यंत’ असे लिहून सही करावी.

रुग्णालयातील नोंदीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अशा प्रकरणांचा निकाल पुष्कळदा तेथेच ठरतो. मुलाला घेऊन येणाऱ्याला डॉक्टर ‘कसे लागले?’ असे विचारतात आणि जे उत्तर मिळते ते केसपेपरवर उतरते. घाबरलेला शिक्षक किंवा शिपाई ‘पडला’ एवढेच सांगतो. काही वेळा पालकच, पोलिसांचे झंझट नको किंवा विम्यात अडथळा नको म्हणून, ‘घरी खेळताना पडला’ असे सांगतात. क्वचित शाळाच त्यांना तसे सांगायला सुचवते. सहा महिन्यांनी दावा करताना हीच ओळ समोर येते आणि मग मुलाची, शिक्षकांची, सर्वांची साक्ष तिच्यापुढे फिकी पडते. शाळेत झालेल्या गंभीर इजेची नोंद वैद्यकीय-न्यायिक प्रकरण, म्हणजे एमएलसी, म्हणून करण्यास पालकांनी विरोध करू नये. त्याने कोणावर आपोआप गुन्हा दाखल होत नाही. आपल्या मुलाच्या केसपेपरवर काय लिहिले आहे ते आजच पाहा. चुकीचे असल्यास खोडाखोड करवू नका. घटना खरी कशी घडली ते सांगणारा अर्ज डॉक्टरांना द्या आणि त्याची नोंद स्वतंत्रपणे, आजच्या तारखेने करून घ्या. त्याबरोबरच कपाट आणि त्या जागेची छायाचित्रे, त्या तासाचे वेळापत्रक आणि वर्गातील मुलांच्या पालकांशी झालेले संदेश जपून ठेवा. छायाचित्रांना घाई आहे, कारण अशी कपाटे अपघातानंतर आठवड्याभरात भंगारात जातात.

आता दाव्याचा प्रश्न. शाळेत असलेल्या मुलाची काळजी एका विवेकी पालकाने घेतली असती तितकी शाळेने घेतली पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे पक्के आहे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद हा खटला. मे 1995 मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली होती आणि 14 मुले बुडाली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलाच्या पालकांना पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवताना, शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शाळेच्या व्यवस्थापनावर येते, हे स्पष्ट केले. बंगळुरूच्या एका शाळेच्या सहलीत विद्यार्थिनी गंभीर आजारी पडली आणि तिला वेळेत योग्य उपचार मिळाले नाहीत. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये 88 लाखांहून अधिक भरपाई पुन्हा कायम केली. इजा होण्यात शाळेची चूक नसली, तरी इजेनंतर किंवा आजारानंतर दाखवलेली बेफिकिरी हीदेखील चूकच आहे, हा त्याचा आपल्यासाठी उपयोगी अर्थ आहे. आपल्या मुलाला लागल्यानंतर आपल्याला किती वाजता कळवले आणि त्याला किती वाजता दवाखान्यात नेले, हे म्हणूनच लिहून ठेवा.

मात्र प्रत्येक इजा म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. मधल्या सुटीत धावताना मूल स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकून पडले, तर शाळेला दोष देता येणार नाही. ते घराच्या अंगणातही झाले असते. आपल्या प्रकरणात प्रश्न असे पडतील: कपाट मुळात डळमळीत होते का आणि ते शाळेला माहीत होते का? ते भिंतीला पक्के केलेले का नव्हते? ते सरकवण्याचे काम मुलांना कोणी सांगितले? त्या वेळी वर्गात शिक्षक होते का? शिक्षिकेने सांगितले असल्यास आपली बाजू भक्कम आहे, कारण अकरा वर्षांच्या मुलांकडून लोखंडी कपाट हलवून घेणे हे कोणताही शहाणा पालक करणार नाही. मुले मस्ती करत होती असे गृहीत धरले, तरी शाळा सुटत नाही. या वयाची मुले मस्ती करतात हे गृहीत धरूनच वर्गावर शिक्षक नेमलेला असतो. ज्या मुलांनी कपाट ढकलले त्यांच्या पालकांकडे पैसे मागण्याचा विचार काही जण करतात. तो सोडून द्या. मुलाच्या चुकीची भरपाई पालकाने द्यावी असा आपल्याकडे सर्वसाधारण नियम नाही आणि त्याने वर्गातील वीस घरांशी विनाकारण वैर होते.

प्रवेश अर्जावरील सहीने घाबरून जाऊ नये. असे कलम अपघाताची शक्यता पालकाला माहीत होती एवढे फार तर दाखवते. शाळेने हवा तितका निष्काळजीपणा करावा, अशी परवानगी त्यातून मिळत नाही आणि मुलाचा स्वतःचा हक्क बापाच्या सहीने संपत नाही. शाळांना मी कितीदा सांगितले आहे की या छापील ओळीऐवजी तेवढीच शाई भिंतीत खिळे ठोकण्याच्या आदेशावर खर्च करा. पण ती ओळ दरवर्षी नव्या अर्जात पुन्हा उमटते.

दावा कोठे करावा, याविषयी पूर्वी पालकांचा ओढा ग्राहक आयोगाकडे असे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने 20 जानेवारी 2020 रोजी असे ठरवले की, शिकवणी वर्ग सोडून इतर शैक्षणिक संस्था, त्यांच्या सहली आणि पोहण्यासारखे पूरक उपक्रमही धरून, ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे वर्गातल्या इजेसाठी त्या मार्गावर पैसे व वर्षे घालवा, असा सल्ला मी देणार नाही. उरतो तो दिवाणी दावा. आणि घटना वादातीत असेल व शाळा सरकारी किंवा जिल्हा परिषदेची असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. बिलाचा खर्च आपण केलेला असल्यामुळे तो मागण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे धरावी. सार्वजनिक संस्थेविरुद्ध काही वेळा याहून कमी मुदत लागू होते आणि सरकारला प्रतिवादी करायचे असल्यास दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. मुलाच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे वेदना, राहून गेलेले व्यंग, पुढील उपचार यांचा दावा वेगळा आहे: मुदत कायद्यानुसार त्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजली जाते, म्हणजे एकविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत तो करता येतो.

तरीही केवळ 49 हजारांसाठी दिवाणी दावा लावू नका, असेच माझे मत आहे. सानुग्रह अनुदानातून तेवढी रक्कम मिळण्याची चांगली शक्यता आहे आणि दावा लावल्यावर मुख्याध्यापक त्या प्रस्तावावर सही करणार नाहीत. मुलाचा हात पूर्ण सरळ होत नसेल, बोटांत बधिरता राहिली असेल किंवा हाड वाकडे जुळले असेल, तर मात्र गणित बदलते. तेव्हा शासकीय रुग्णालयाचे अपंगत्व प्रमाणपत्र घेऊन दाव्याचा गांभीर्याने विचार करावा. पैशांची अडचण असल्यास हेही माहीत असू द्या की 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बालकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावा दाखल होण्यापूर्वी समेटासाठीही अर्ज करता येतो. माझ्या अनुभवात शाळांच्या संस्था नोटिशीला जितक्या ताठरपणे उत्तर देतात, तितक्या या समेटाच्या टेबलावर ताठर राहत नाहीत.

पोलिसांकडे जावे का, असेही पालक विचारतात. निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा आहे आणि हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापत आहे. पण फौजदारी तक्रारीने बिल भरले जात नाही, आणि एका शिक्षिकेवर गुन्हा नोंदवल्यावर सर्व शाळा एक होऊन गप्प बसते. शिक्षा म्हणून मारल्यामुळे इजा झाली असती, तर मी वेगळे सांगितले असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेवर बंदी आहे, बाल न्याय कायद्याचे कलम 75 तेथे लागू होऊ शकते आणि त्या प्रकरणी तक्रार न करणे हे इतर मुलांवरही अन्याय करणारे आहे. आपल्या प्रकरणात तसे काही दिसत नाही.

राहिला मुद्दा शिक्षकांनी दिलेल्या 5 हजारांचा. ते परत करण्याची गरज नाही आणि ते घेतल्याने आपला कोणताही हक्क जात नाही, मात्र त्याच्या पावतीवर काय लिहिले आहे हे पाहा. ‘मदत म्हणून मिळाले’ असे असेल तर ठीक. ‘आता काही मागणे नाही’ असे लिहिलेले असल्यास, ते आपण समजून लिहून दिलेले नव्हते असे पत्र शाळेला ताबडतोब द्या. संस्थेकडून पुढे मोठी रक्कम देऊ केली जाईल, तेव्हाही घाई करू नका. तारा काढण्याचा खर्च, त्यानंतरचा व्यायामोपचार, दर महिन्याचा क्ष-किरण आणि वाढत्या वयात हाड वाकडे जुळल्यास लागू शकणारी दुसरी शस्त्रक्रिया, या सर्वांचा अंदाज अस्थिरोगतज्ज्ञांकडून लेखी घ्या आणि तो हातात असल्याशिवाय अंतिम समझोत्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. समझोत्यात ‘आजपर्यंतच्या उपचार खर्चापोटी’ हे शब्द असावेत आणि मुलाच्या पुढील उपचारांविषयीचे एक स्वतंत्र वाक्य असावे. तेवढे वाक्य घालायला संस्था तयार नसेल, तर ती रक्कम कितीही बरी वाटली तरी आधी मला किंवा दुसऱ्या एखाद्या वकिलाला तो मसुदा दाखवा.